फुलकिड्याचे कूळ आणि मूळ

वाचकांचे प्रश्न

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. किडीच्या बाबतीत मात्र कूळ आणि मूळ या दोन्ही गोष्टी विचारल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही. यंदा मोहोराच्या दिवसांत रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांनी थ्रिप्स, म्हणजेच फुलकिडे, या एकाच विषयावर पत्रे पाठवली आहेत. त्यांपैकी निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत. या उत्तरांत ‘प्रजाती’ हा शब्द जवळच्या नात्यातील अनेक जातींच्या गटासाठी आणि ‘जाती’ हा शब्द त्या गटातील एकेका सदस्यासाठी वापरला आहे. मँजिफेरा ही प्रजाती आणि आपला आंबा, म्हणजे मँजिफेरा इंडिका, ही तिच्यातील एक जाती, असे उदाहरण ध्यानात ठेवले म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही.

प्रश्न : आमच्या वडिलांच्या काळी मोहोरावर तुडतुडे आणि भुरी एवढीच काळजी असे. आता कलमांना पालवी फुटली की कोवळी पाने वाकडी होतात, त्यांच्या कडा करपतात आणि सुपारीएवढ्या झालेल्या फळांची साल खरवडल्यासारखी तपकिरी दिसू लागते. औषधांचे दुकानदार सांगतात की हा परदेशातून आलेला नवा थ्रिप्स आहे. हे खरे आहे काय? (एक आंबा बागायतदार, तालुका देवगड)

उत्तर : आपण दिलेल्या लक्षणांवरून ही कीड स्किर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस असावी, असे मला वाटते. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय याहून ठाम विधान करणे योग्य होणार नाही. या जातीची पूर्ण वाढलेली मादी जेमतेम एक मिलिमीटर लांबीची आणि फिकट पिवळी असते. तिचे पंख मात्र काळसर असतात, त्यामुळे ती पंख मिटून बसली म्हणजे तिच्या पाठीवर मधोमध एक गडद रेघ ओढल्यासारखी दिसते. पिल्ले पांढुरकी किंवा पिवळी आणि बिनपंखांची असतात. पांढऱ्या कागदावर कोवळी पालवी हलकेच झटकली तर ही चपळ पिवळी टिंबे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

ती परदेशातून आलेली आहे, हे मात्र खरे नाही. या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन जे. डग्लस हूड या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९१९ साली प्रसिद्ध केले, आणि ज्या नमुन्यांवरून ते केले ते दक्षिण भारतातील कोइमतूरचे होते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ती आपल्या देशात होतीच. एवढेच नव्हे, तर तिची रानातील मुख्य झाडे शेंगांच्या कुळातील आहेत, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे, आणि त्या यादीत बाभळीच्या प्रजातीबरोबर आपल्या सीता-अशोकाची सराका ही प्रजातीही आहे. ज्या किडीला आपण पाहुणी समजतो, ती घरचीच आहे.

दुकानदारांचा समज कशामुळे झाला असावा, याचाही विचार केला पाहिजे. फुलकिड्यांची एक खरोखरच परकी जाती अलीकडे भारतात आली आहे. तिचे नाव थ्रिप्स पार्विस्पायनस. आग्नेय आशियातील ही जाती २०१५ साली बंगळूर येथे पपईवर आढळल्याची नोंद झाली आणि २०२१ साली आंध्र प्रदेश व तेलंगणातील मिरचीच्या शेतांत तिने मोठी हानी केली. त्या बातम्या सर्वत्र पोहोचल्या आणि ‘परदेशी थ्रिप्स’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. परंतु तिची प्रजाती निराळी आहे. तिच्या मादीचे पोट गडद तपकिरी, जवळजवळ काळे दिसते आणि ती फुलांत मोठ्या संख्येने सापडते. आपल्या पालवीवरील पिवळ्या किड्याशी तिची गल्लत करण्याचे कारण नाही.

मग वडिलांच्या काळी ही कीड जाणवत का नव्हती, हा आपला खरा प्रश्न उरतो. स्किर्टोथ्रिप्स कोवळ्या ऊतीवरच वाढतो. फुलकिड्याला डाव्या बाजूचा एकच जबडा असतो. त्याने तो सालीतील पेशी फोडतो आणि आतील रस शोषून घेतो. पानाचा जेवढा भाग असा मेला तेवढा पुढे वाढत नाही, शेजारचा निरोगी भाग वाढत राहतो, म्हणून पान वाकडे होते. फळाच्या बाबतीतही हेच घडते. वाटाण्याएवढ्या फळावर पडलेला बारीकसा व्रण, फळ मोठे होत जाते तसा सालीबरोबर ताणला जातो आणि काढणीच्या वेळी तो चिकूच्या सालीसारखा खरखरीत पट्टा होऊन बसतो. पान जून झाले की या किड्याला तेथे अन्न उरत नाही. कातळावरील जुन्या, पावसाच्या पाण्यावर वाढणाऱ्या कलमांना पालवी ठरावीक वेळी येई आणि मधल्या काळात किडीची उपासमार होई. आज पाणी, खते आणि छाटणी यांमुळे एकाच बागेत कोठे ना कोठे कोवळी पाने सतत असतात, त्यामुळे किडीची साखळी तुटत नाही. त्यात एकाच गटातील कीटकनाशक पुन्हा पुन्हा फवारल्याने या किड्यांना खाणारे परभक्षी ढेकूण आणि कोळी मरतात. कीड जुनीच आहे. बदलली आहे ती आपली बाग, असे माझे मत आहे, आणि मी ते बागायतदारांना दोष देण्यासाठी मांडत नाही. नियमित उत्पन्नासाठी केलेल्या बदलांची ही एक बाजू आहे आणि ती मोकळेपणाने बोलली गेली पाहिजे.

प्रश्न : मी कृषी शाखेचा विद्यार्थी आहे. स्किर्टोथ्रिप्स या प्रजातीचे वर्गीकरणातील स्थान आणि ती ओळखण्याच्या खुणा मराठीत समजावून सांगाव्यात. पाठ्यपुस्तकात एका ठिकाणी डॉर्सॅलिसची चार-पाच निरनिराळी नावे दिलेली आहेत, त्यांचा अर्थ लागत नाही. (दापोली, जिल्हा रत्नागिरी)

उत्तर : सर्व फुलकिडे थायसॅनॉप्टेरा या गणात मोडतात. हे नाव हॅलिडे या आयरिश कीटकशास्त्रज्ञाने १८३६ साली दिले. त्याचा ग्रीक अर्थ झालरीचे पंख असणारे, असा आहे. पंखाची पट्टी अगदी अरुंद आणि तिच्या कडांना लांब केसांची झालर, ही या गणाची ओळख आहे. जगात या गणाच्या ६,००० हून अधिक आणि भारतात ७०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकी सुमारे निम्म्या बुरशीवर जगतात आणि शेतीशी त्यांचा काही संबंध येत नाही, हे पीकसंरक्षणाच्या पुस्तकांत सहसा सांगितले जात नाही. सुकलेल्या फांद्या आणि पालापाचोळा झटकून पाहिला तर असे कितीतरी फुलकिडे आपणास दापोलीतच भेटतील.

गणाचे दोन उपगण आहेत. ट्युब्युलिफेरा या उपगणात शरीराचा शेवटचा खंड नळीसारखा असतो आणि मादी अंडी पृष्ठभागावर ठेवते. मिरीच्या वेलाच्या पानांच्या कडा आत वळवून त्यांची सुरळी करणारा लिओथ्रिप्स कार्नियाय आणि नांदरुकाची पाने दुमडून त्यांत वसाहत करणारे काळे गायनायकोथ्रिप्स हे या उपगणातले. टेरेब्रँशिया या दुसऱ्या उपगणातील मादीला करवतीसारखा अंडनिक्षेपक असतो. त्याने ती पानात किंवा सालीत चीर पाडून अंडे आत खुपसते. स्किर्टोथ्रिप्स या दुसऱ्या उपगणातील थ्रिपिडी कुलात आणि थ्रिपिनी उपकुलात येतो. अंड्यातून बाहेर पडल्यावर पिल्लाच्या दोन अवस्था खातात, त्यानंतरच्या दोन अवस्था काही न खाता पाचोळ्यात, मातीत किंवा पानांच्या वळकट्यांत विसावतात आणि मग पंख असलेला प्रौढ बाहेर येतो. उन्हाळ्याच्या दिवसांत हे सारे दोन ते तीन आठवड्यांत पुरे होते. फलन न झालेल्या अंड्यातून नर जन्मतो, त्यामुळे नर नसलेल्या ठिकाणी पोहोचलेली एकटी मादीसुद्धा वंश सुरू करू शकते. 

आता खुणा. स्किर्टोथ्रिप्सच्या शृंगिकेचे, म्हणजे डोक्यावरील मिशीचे, आठ खंड असतात आणि तिसऱ्या व चौथ्या खंडावर दुभंगलेला संवेदी शंकू असतो. पूर्ववक्षाच्या, म्हणजे डोक्यामागील पहिल्या भागाच्या, पाठीवर अगदी जवळजवळ आडव्या रेषा असतात, जणू बोटाचा ठसाच. सर्वांत विश्वासाची खूण उदरावर सापडते. प्रत्येक उदरखंडाच्या पाठीचा दोन्ही बाजूंचा भाग ओळींनी लावलेल्या सूक्ष्म रोमांनी दाट भरलेला असतो. असे सूक्ष्मरोम सेरिकोथ्रिपिनी या शेजारच्या उपकुलातही आढळतात, म्हणून केवळ एका खुणेवर निर्णय देऊ नये. डॉर्सॅलिस जातीत याशिवाय उदरखंडांच्या पाठीवर मधोमध गडद डाग आणि खंडाच्या पुढील कडेला गडद रेषा असते, आणि पंखाच्या मागील झालरीचे केस सरळ असतात. नर सापडल्यास तोही अवश्य पाहावा. याच प्रजातीतील आफ्रिकेच्या ऑरँटाय जातीच्या नराच्या नवव्या उदरखंडावर कोयत्यासारखे वाकडे दोन अवयव असतात आणि मागच्या मांडीवर काट्यांची फणी असते, तर डॉर्सॅलिसच्या नराला असे कोयते नसतात.

नावांचा गोंधळ आपणास त्रासदायक वाटला, तरी त्यात या कीटकाचा प्रवास लिहिलेला आहे. ज्या १९१९ साली हूडने डॉर्सॅलिस हे नाव दिले, त्याच वर्षी बॅग्नॉल या इंग्रज अभ्यासकाने याच कीटकाला हेलिओथ्रिप्स मिन्युटिसिमस म्हटले. पुढे १९२५ साली कार्नीने अ‍ॅनाफोथ्रिप्स आंद्रेई असे, १९२७ साली ऑस्ट्रेलियात जिरॉल्टने निओफायसोपस फ्रॅगॅरी असे, तर १९४२ साली रामकृष्ण अय्यर यांनी पॅडमी असे नाव दिले. फ्रॅगॅरिया म्हणजे स्ट्रॉबेरी. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पिकांवर सापडलेला एकच प्राणी प्रत्येकाला नवा वाटला. नंतर नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर ही सारी नावे एकाच जातीची पर्यायी नावे ठरली. ‘पर्यायी नाव’ म्हणजे चूक नव्हे, तो त्या काळच्या प्रामाणिक निरीक्षणाचा शिल्लक राहिलेला पुरावा आहे.

या प्रवाहाला अलीकडे उलट दिशाही मिळाली आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असे दिसले की, ज्याला आपण डॉर्सॅलिस म्हणतो, त्या एका नावाखाली सूक्ष्मदर्शकाला सारख्याच दिसणाऱ्या किमान नऊ जाती दडलेल्या आहेत. शंभर वर्षे आपण नावे एकत्र करीत आलो, आता त्यांची पुन्हा विभागणी करावी लागेल. आपण विद्यार्थी आहात, म्हणून मुद्दाम सांगतो की कोकणातील आंबा, काजू, मिरची आणि रानातील अशोक यांवरील नमुने या दृष्टीने तपासण्याचे काम कोणीतरी मनापासून हाती घ्यावे, अशी माझी फार इच्छा आहे. भारतातील फुलकिड्यांच्या अभ्यासाचा पाया रामकृष्ण अय्यर आणि त्यानंतर टी. एन. अनंतकृष्णन यांनी दक्षिणेत घातला. पश्चिम किनाऱ्यावर तेवढ्याच चिकाटीने पाहण्यासारखे पुष्कळ शिल्लक आहे.

प्रश्न : स्किर्टोथ्रिप्स ही प्रजाती जगात कोठे कोठे आढळते? ती मूळची उष्ण प्रदेशातील असेल तर थंड देशांत कशी पोहोचली? भूगोलाच्या तासाला मुलांना सांगण्यासाठी माहिती हवी आहे. (एक शिक्षिका, गुहागर)

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला विशेष आनंद झाला, कारण या प्रजातीचा नकाशा म्हणजे पिकांच्या इतिहासाचाच एक धडा आहे.

स्किर्टोथ्रिप्स ही प्रजाती शल या अभ्यासकाने १९०९ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात सापडलेल्या रुथवेनाय या जातीवरून स्थापन केली. ग्रीक भाषेत ‘स्किर्टाओ’ म्हणजे उड्या मारणे. ज्या प्रजातीच्या आज शंभराहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांतील बहुतेक उष्ण व उपोष्ण कटिबंधांत राहतात, तिचे बारसे हिमवर्षावाच्या प्रदेशात झाले. म्हणून एखाद्या गटाचे नाव जेथे ठेवले गेले तेच त्याचे घर, असे मुलांनी समजू नये. ते फक्त पहिल्या निरीक्षकाचे ठिकाण असते.

या शंभराहून अधिक जातींपैकी बहुसंख्य जाती आपापल्या रानात, ठरावीक झाडांच्या कोवळ्या पानांवर राहतात आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत. ऑस्ट्रेलियातील स्किर्टोथ्रिप्सचा आढावा हॉडल आणि माउंड यांनी २००३ साली घेतला तेव्हा तेथे २१ जाती नोंदल्या गेल्या, त्यांतील बऱ्याच जातींना पिकांशी कर्तव्य नाही. पिकांवर उतरलेल्या जाती मोजक्याच, पण त्या कशा उतरल्या हे पाहण्यासारखे आहे.

लिंबूवर्गीय झाडे मूळची आशियातील. माणसाने ती कॅलिफोर्नियात नेऊन लावली तेव्हा तेथील स्थानिक सिट्री ही जाती त्यांच्यावर आली. दक्षिण आफ्रिकेत लावली तेव्हा आफ्रिकेतील ऑरँटाय आली. जपानात त्यांच्यावर डॉर्सॅलिस असते. चहाचेही तसेच आहे. दक्षिण भारताच्या डोंगरांतील मळ्यांत बाइस्पायनोसस, पूर्व आफ्रिकेत केन्येन्सिस, तर जपानात पुन्हा डॉर्सॅलिस, आणि तेथे तिला चहाचा पिवळा फुलकिडा असेच म्हणतात. दक्षिण अमेरिकेत टॅपिओकाच्या झाडावर मॅनिहोटाय, इजिप्त आणि त्याच्या आसपास आंब्यावर मँजिफेरी. पीक परमुलखातून येते आणि त्या मातीतली जुनी जाती नव्या कोवळ्या पानांवर सरकते, ही या प्रजातीची नेहमीची रीत दिसते. आपल्या परसातील मिरचीसुद्धा पोर्तुगिजांच्या काळात अमेरिकेतून आली आणि तिला मुख्य उपद्रव मात्र इथल्याच डॉर्सॅलिसचा झाला. आंब्याच्या बाबतीत पीकही आपले आणि कीडही आपलीच.

उलट वाटेचेही उदाहरण आहे. अ‍ॅव्होकॅडो हे फळ मध्य अमेरिकेतून कॅलिफोर्नियात गेले. तेथे त्याच्या बागा पुष्कळ वर्षे वाढल्यानंतर १९९६ साली त्यांवर एक अनोळखी फुलकिडा आढळला. तोवर या जातीला शास्त्रात नावच नव्हते. १९९७ साली तिला परसी हे नाव मिळाले आणि तिचे मूळ घर मेक्सिको व ग्वाटेमाला हे अ‍ॅव्होकॅडोचेच माहेर निघाले. म्हणजे कीड आपल्या झाडामागोमाग बऱ्याच उशिराने पोहोचली.

डॉर्सॅलिसचा प्रवास या सर्वांत दूरचा आहे. पाकिस्तान, भारत, श्रीलंका आणि बांगलादेशापासून थायलंड, इंडोनेशिया, चीन, तैवान, जपान आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागापर्यंतचा पट्टा तिच्या ताब्यात फार पूर्वीपासून आहे. २००३ साली ती वेस्ट इंडीजमधील सेंट व्हिन्सेंट बेटावर आढळली आणि २००५ साली फ्लोरिडात गुलाबांवर स्थिरावलेली दिसली. इस्राएलमध्येही ती आहे. शंभराहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर तिची नोंद झाली आहे. वर उल्लेखिलेल्या जनुकीय अभ्यासानुसार अमेरिका, वेस्ट इंडीज आणि इस्राएलपर्यंत पोहोचलेली शाखा ही आपल्या दक्षिण आशियातील आहे. दुसऱ्या देशांतून आलेल्या किडींविषयी आपण नेहमी बोलतो. आपल्याकडून बाहेर गेलेल्या किडींचाही धडा मुलांना मिळावा, असे मला मनापासून वाटते.

ती एवढ्या लांब कशी गेली, याचे उत्तर अंड्यात आहे. फुलकिडा फार दूर उडू शकत नाही, वारा त्याला वाहून नेतो एवढेच. परंतु अंडे पानाच्या आत असते. रोपावरचे किडे धुऊन टाकले, औषध मारले, तरी ऊतीत रुतलेले अंडे डोळ्यांना दिसत नाही आणि काही दिवसांनी ते रोप नव्या गावी पोहोचल्यावर पिल्लू बाहेर पडते. आपल्याकडील रोपवाटिकांतून कोवळ्या पानांची कोय कलमे ट्रकने परजिल्ह्यांत आणि परराज्यांत जातात, तेव्हाही हेच घडू शकते. समुद्रापलीकडे जाणाऱ्या रोपांच्या तपासणीचे नियम कडक असतात, त्यामागे हेच कारण आहे.

सगळ्याच जाती नव्या देशात जाऊन तेथील पिकांचा विध्वंस करतात, असेही नाही. ऑरँटाय २००२ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये सापडली तेव्हा संत्र्याच्या बागाईतदारांना मोठी धास्ती वाटली होती. तेथे ती मुख्यतः पानफुटीच्या जातभाई असलेल्या, मादागास्करहून आलेल्या एका तणावर राहिली आहे. एकाच नावाची कीड दोन खंडांत निरनिराळ्या झाडांवर का राहावी, यावर अभ्यासक अजून काम करीत आहेत. नाव एक असले तरी आत जाती अनेक असू शकतात, हा मुद्दा येथेही लागू पडतो.

प्रश्न : परसातील मिरचीचा पाला चुरडला जातो. शेजारी त्याला बोकड्या म्हणतात. हाच का तो फुलकिडा? (एक गृहिणी, मुरूड, जिल्हा रायगड)

उत्तर : पाने कोणत्या बाजूला वळली आहेत, ते पाहावे. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून त्याला होडीचा आकार आला असेल, तर बहुधा डॉर्सॅलिसचे काम असते. कडा खाली वळून होडी उपडी केल्यासारखे पान दिसत असेल आणि देठ लांबट झाला असेल, तर पिवळ्या कोळीचा (माइट) संशय घ्यावा. कोळी हा कीटकच नव्हे आणि त्याची औषधेही वेगळी असतात. पांढरी माशी पसरवत असलेल्या विषाणूमुळेही पाने बारीक आणि चुरडलेली होतात. बोकड्या किंवा चुरडा-मुरडा हा शब्द या तिन्हींसाठी वापरला जातो, म्हणून केवळ त्या नावावरून दुकानातून औषध आणू नये.

प्रश्न : काजूच्या पानांखाली पिवळी पिल्ले आहेत, त्यांच्या कमरेला लाल पट्टा आहे आणि शेपटीच्या टोकावर पाण्याचा थेंब धरल्यासारखा दिसतो. पाने चंदेरी होऊन मग गंजल्यासारखी होतात. आंब्यावरचीच कीड काजूवर आली काय? (काजू उत्पादक, तालुका वेंगुर्ला)

उत्तर : आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की, नमुना न पाहताही मी बऱ्याच खात्रीने उत्तर देऊ शकतो. हा सेलेनोथ्रिप्स रुब्रोसिंक्टस, लाल पट्ट्याचा फुलकिडा होय. जो थेंब आपणास पाण्याचा वाटला तो त्या पिल्लाच्या विष्ठेचा असतो. पिल्लू पोटाचे टोक वर उचलून तो केसांवर तोलून धरते आणि जेथे तो गळतो तेथे पानावर काळसर ठिपका पडतो. प्रौढ किडा गडद तपकिरी ते काळा असतो.

याचे कुल थ्रिपिडी हेच आहे, पण उपकुल पँकीटोथ्रिपिनी, म्हणजे ज्यांच्या शरीरावर जाळीसारखी नक्षी असते त्यांचे. या प्रजातीत एवढी एकच जाती आहे. स्किर्टोथ्रिप्सच्या शंभराहून अधिक जाती आणि सेलेनोथ्रिप्सची एकुलती एक, तरीही ही एकटी जाती जगाच्या साऱ्या उष्ण प्रदेशांत पसरली आहे. प्रजाती मोठी असणे आणि तिचा पसारा मोठा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिचे पहिले वर्णन जिआर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०१ साली वेस्ट इंडीजमधील ग्वादलूप बेटावरील कोकोच्या झाडांवरून केले, आणि तिचे मूळ दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात असावे असे मानले जाते. काजूही ब्राझीलमधूनच पोर्तुगिजांनी आणला. येथे पीक आणि कीड दोन्ही एकाच दिशेने आलेली आहेत.

आपल्या कामाचा फरक असा की, स्किर्टोथ्रिप्स कोवळ्या पालवीवर असतो, तर ही कीड पूर्ण वाढलेल्या पानांच्या खालच्या बाजूला, शिरेच्या कडेने गटाने राहते. तिची पाहणी करताना फांदीच्या शेंड्याकडे पाहून समाधान मानू नये. आतली, जून पाने उलटी करून पाहावीत. काजूवरही पालवी आणि मोहोराच्या वेळी डॉर्सॅलिस येते, तेव्हा एकाच झाडावर दोन्ही सापडल्यास नवल वाटू देऊ नये.

प्रश्न : एक असेल तर ‘थ्रिप’ आणि अनेक असतील तर ‘थ्रिप्स’ असे म्हणावे काय? आणि पानावर राहणाऱ्या किड्याला फुलकिडा का म्हणतात? (राजापूर)

उत्तर : ‘थ्रिप्स’ हा मूळ ग्रीक शब्द एकवचनीच आहे, त्याचा जुना अर्थ लाकूड पोखरणारा किडा. लिनियसने १७५८ साली तो प्रजातीचे नाव म्हणून घेतला. त्यामुळे एकालाही थ्रिप्स आणि अनेकांनाही थ्रिप्स असेच म्हणावे. फुलकिडा हे मराठी नाव फुलांत सापडणाऱ्या जातींवरून रूढ झाले, आणि ते सुंदर आहे. आंब्याच्या उमललेल्या मोहोरात परागकणांच्या ओढीने येणारा थ्रिप्स हवाइएन्सिस या नावाला खरोखर शोभतो. पालवीवरील स्किर्टोथ्रिप्सला मात्र ‘पालवीचा फुलकिडा’ असे म्हटले तर बोलण्यात स्पष्टता येईल, असे मी सुचवू इच्छितो.

प्रश्न : नमुना तपासायला पाठवायचा असेल तर कसा पाठवावा? प्लास्टिकच्या पिशवीत पाला भरून पाठवला होता, तो पोहोचेपर्यंत कुजला. (संगमेश्वर तालुक्यातील बागायतदार)

उत्तर : बंद पिशवीत पाला घामेजतो आणि एक मिलिमीटरचा मऊ किडा त्यात विरघळून जातो. त्याऐवजी घट्ट बुचाची लहान काचेची बाटली घ्यावी आणि तिच्यात ७० टक्के तीव्रतेचे अल्कोहोल निम्म्यापर्यंत भरावे. पालवी पांढऱ्या कागदावर किंवा ताटात झटकून, बारीक कुंचल्याचे टोक त्याच अल्कोहोलमध्ये भिजवून, किडे एकेक करून उचलावेत आणि बाटलीत सोडावेत. चिमटा वापरू नये, त्याने शृंगिका मोडतात आणि मग ओळख पटवता येत नाही. केवळ पिल्लांवरून जाती ठरवणे कठीण असते, म्हणून पंख असलेले प्रौढ किडे दहा-पंधरा तरी असावेत. नर आकाराने लहान असतात, तेही गाळू नयेत. जनुकीय तपासणी करायची असल्यास अल्कोहोल ९५ टक्क्यांच्या वरचे हवे आणि बाटली थंड जागी ठेवावी.

पाऊस जोरात लागला की या किड्यांची संख्या एकदम घटते, म्हणून नमुने ऑक्टोबरमधील पालवीपासून ते फळे सुपारीएवढी होईपर्यंतच्या काळात घ्यावेत. ते दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे किंवा जवळच्या संशोधन केंद्राकडे द्यावेत. बाटलीच्या आत कागदाची चिठ्ठी टाकावी आणि ती पेन्सिलीने लिहावी, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. चिठ्ठीवर गाव, तालुका, झाडाचे नाव, किडे कोवळ्या पानावर होते की मोहोरावर की फळावर, आणि तारीख एवढ्या गोष्टी असाव्यात. बागेच्या कुंपणाला बाभूळ किंवा अंगणात सीता-अशोक असेल, तर त्याच्याही कोवळ्या पानांवरील किडे निराळ्या बाटलीत आणि निराळ्या चिठ्ठीसह अवश्य पाठवावेत.